खिशाचा फेरफार

महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्याला जगातील बहुतेक गोष्टी करता येतात, फक्त निर्णय तेवढा घेता येत नाही. त्या चौतीस वर्षांत ज्या ज्या प्रश्नाने माझ्या मेजावर पाय ठेवला, त्या त्या प्रश्नाला मी सुवाच्य अक्षरात टिपणी जोडली, तळाशी ‘आदेशार्थ सविनय सादर’ असे लिहिले आणि सासरी निघालेल्या लेकीला आंदण द्यावे तशी चारदोन सहपत्रे बरोबर देऊन त्याची वरच्या मेजाकडे पाठवणी केली. सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ देऊन कचेरीने माझी बोळवण केली. परंतु ज्याच्यापुढे प्रश्न सादर करावेत ते वरचे मेज काही कुणी बरोबर बांधून दिले नाही. आणि नेमक्या अशा निराधार अवस्थेत मला कॅमेरा घेण्याची वासना झाली.

तिचा उगम जालन्याच्या मोती तलावाकाठी आहे. एके दिवशी सकाळी फिरावयास गेलो असता, पाण्यात अर्धवट बुडालेल्या एका म्हशीच्या पाठीवर एक बगळा असा काही मान उंचावून उभा दिसला, की पीकपाहणीस आलेल्या साहेबांचे मला तीव्रतेने स्मरण झाले. मी लगबगीने मोबाईल काढला. मोबाईलने कळविले की जागा शिल्लक नाही. जागा असणार कशी? आप्तेष्टांनी ‘शुभ सकाळ’ म्हणून गेली तीन वर्षे धाडलेले सूर्योदय त्यात खच्चून भरलेले होते, आणि परक्यांच्या त्या सूर्योदयांपुढे माझ्या स्वतःच्या सकाळीला उभे राहावयासही ठाव नव्हता. घाईघाईने सहा सूर्य मावळवून मी पुन्हा नेम धरला, तो घंटी वाजली.

“सर, आपल्याला कर्जाची आवश्यकता आहे का?” एका मंजुळ आवाजाने विचारले.

“सध्या बगळ्याची आहे,” मी म्हणालो.

“त्यासाठीही मिळेल, सर.”

तोवर बगळा पाहणी आटोपून उडून गेला होता, आणि साहेब गेल्यावर कचेरी सुटावी तशी म्हैसही पाण्याबाहेर निघाली होती. त्याच क्षणी मी निश्चय केला की ज्याला सूर्योदय येत नाहीत, कर्ज देता येत नाही, ज्याला फोटोखेरीज दुसरे काहीही कळत नाही आणि जो अष्टौप्रहर खिशात राहू शकतो, असा एक कॅमेरा घ्यावयाचा.

“फोनला काय धाड भरलीय?” सौभाग्यवतींनी विचारले.

“फोन हे संपर्काचे साधन आहे. कॅमेरा हे निरीक्षणाचे.”

“मग नुसतं निरीक्षण करा की. त्याला कुठं पैसे पडतात?”

ही हरकत मुदतीत दाखल झालेली असली, तरी पुराव्याअभावी मी ती फेटाळली आणि एक नवी नस्ती उघडून तिच्यावर ‘विषय: खिशात मावणारा व नित्य बाळगण्याजोगा कॅमेरा खरेदी करणेबाबत’ असे ठळक अक्षरांत लिहिले. बगळा गेला त्याचे दुःख त्या एका ओळीने निम्मे हलके झाले.

कोणत्याही प्रकरणास पूर्वपीठिका जोडणे हा आमच्या खात्याचा धर्म असल्याने मी इतिहासापासून प्रारंभ केला. आमच्या भोकरदनपासून फारशा दूर नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत रॉबर्ट गिल नावाचे एक लष्करी साहेब वर्षानुवर्षे चित्रे उतरवीत राहिले, पुढे जुळ्या भिंगांच्या कॅमेऱ्याने फोटोही काढू लागले, आणि १८६४ साली लंडनमध्ये त्या फोटोंचा ग्रंथही निघाला. त्या काळी काचेवर रसायन लेपून ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवावा लागे, म्हणजे कॅमेऱ्यामागून अंधारखोलीही हिंडवावी लागे. तेव्हा गिलसाहेबांना खिशाचा प्रश्न पडला नसावा. तो पडू लागला पुढील शतकात. १९१२ साली कोडॅक कंपनीने घडी होणारा एक कॅमेरा काढून त्याचे नावच बंडीच्या खिशावरून ठेवले, आणि दोनच वर्षांनी पेटलेल्या महायुद्धात तो शिपायांच्या खिशातून थेट खंदकांत गेला. १९३८ च्या सुमारास रीगा शहरात तयार झालेला मिनॉक्स तर इतका इवलासा होता की पुढे तो हेरांच्या गळ्यातला ताईत झाला. परंतु माझे मन ज्यांच्यावर जडले ते जपानचे योशिहिसा मैतानी. या गृहस्थांनी १९७९ साली ऑलिम्पस एक्सए नावाचा कॅमेरा असा रचला, की त्याला वेगळे कव्हर नको, भिंगावर बसवावयाचे आणि हमखास हरवावयाचे झाकण नको. पुढचा सरकता दरवाजा बाजूला केला की कॅमेरा सिद्ध. मनुष्य आणि फोटो यांच्यामध्ये जेवढी म्हणून आवरणे आहेत तेवढी दूर करण्यासाठी एक बुद्धिमान पुरुष आपली उमर खर्ची घालतो, ही गोष्ट मी नस्तीत तांबड्या शाईने अधोरेखित केली. पुढे आमच्या घरात तिचे काय झाले ते यथाक्रम येईलच.

आमच्या बालपणी कॅमेरा हा खिशाचा नव्हे, गळ्याचा अलंकार होता. बडोद्यास तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री ज्याच्या छातीवर रुळत असे, त्याला लग्नात नवरदेवाखालोखाल मान मिळे. आमच्या मामांजवळ तो होता. एका रिळात बारा फोटो आणि मांडवात तीनशे पाहुणे, असा त्रैराशिकाचा प्रसंग असल्यामुळे कुणाला किती फोटो याची वाटणी मामा आदल्या रात्री कागदावर करीत, आणि ती ऐकून दोन घराणी रुसत. त्यातही बारावा फोटो मामा कधीच काढीत नसत. “असू द्या, पुढे कधी लागेल,” म्हणून राखून ठेवीत. मग पुढील मुहूर्त येईतो सहा महिने सगळे लग्न त्या पेटीत अंधारात बसून राही, आणि रीळ धुऊन येईस्तोवर नवरीच्या मांडीवर मूल आलेले असे. ही राखून ठेवण्याची विद्या मामांबरोबर अस्तंगत झाली, असा माझा समज होता.

इतिहासानंतर मोजणीचे काम निघाले. पुण्याचा भाचा दर रविवारी सकाळी फोनवर मला ज्ञानदान करू लागला.

“मामा, सेन्सर एक इंची तरी पाहिजे. त्याच्या खालचं काही घेऊ नका.”

मी फूटपट्टी घेऊन बसलो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि तो एक इंची सेन्सर प्रत्यक्षात निघाला १३.२ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद! तिरका मोजला तरी सोळाच्या पलीकडे जाईना. अधिक चौकशी करता असे कळले की पूर्वी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे, तिचा बाहेरील व्यास एक इंच धरला तर आत प्रत्यक्ष चित्र उमटणारा भाग एवढाच भरत असे. नळ्या काळाच्या पोटात गेल्या, इंच मात्र दप्तरी कायम राहिला. मला गहिवरून आले. सातबाऱ्यावर क्षेत्र भले थोरले आणि पोटखराबा वजा जाता लागवडीखाली गुडघ्याएवढे, हा व्यवहार केवळ आमच्याच मुलखात चालतो असे मी समजत होतो. सोनीने २०१२ साली हा सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्यात बसविला तेव्हा जगभर वाहवा झाली म्हणतात. परंतु जिथे वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांच्या तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, त्या आमच्या जिल्ह्यात ही मोजणी एकाही खातेदाराने मान्य केली नसती. छिद्राचे गणित त्या मानाने सुलभ होते. भिंगापुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. हुद्दा जितका लांबलचक तितका अधिकार तोकडा, हे आयुष्यभर पाहिलेल्या मनुष्यास यात अवघड ते काय?

नस्ती फुगत चालली. मात्र ज्या रविवारी एखाद्या कॅमेऱ्यावर माझे मत स्थिरावू पाही, त्याच रविवारी भाचा म्हणे, “थांबा मामा, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय.” मी मुदतवाढीचा शेरा मारून थांबे. नवीन मॉडेल आले म्हणजे तो म्हणे, “आता जुनं स्वस्त होईल, थोडं थांबा.” अशा रीतीने पावसाळा गेला, कापूस घरी आला, आणि तूरही निघाली. मधल्या काळात मी गावातील एका फोटोवाल्यांकडेही जाऊन आलो.

“खिशातला?” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “भाऊसाहेब, आता असले कॅमेरे कोण ठेवतंय? सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. तुम्ही लग्नाचा मोठा घ्या. चार मुहूर्तांत पैसे वसूल.”

त्यांचेही चुकत नव्हते. २०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीस निघाले होते आणि त्यांतील बहुतेक खिशातलेच होते. पुढे दहाएक वर्षांत मोबाईलने ती जमात, शेळीने बांधावरचा पाला फस्त करावा तशी, जवळजवळ संपविली. म्हणजे जगाने जी वस्तू घेणे सोडून दिले, ती घ्यावी की न घ्यावी याचा मी विचार करीत होतो. सरकारी गतीला हे शोभूनच होते.

आता मुख्य प्रश्न खिशाचा. कॅमेरा खिशात मावतो असे प्रत्येक कंपनी सांगते, पण कुणाच्या? विलायती कोटाचा खिसा आणि आमच्या नेहरू शर्टाचा खिसा यांचे गोत्र एक नाही. माझ्या छातीवरच्या खिशात चष्म्याचे घर, एक लिहिणारे पेन, लोकांना उसने देण्यासाठी एक न लिहिणारे पेन, कंगवा, किराणा यादी, भरलेले वीजबिल आणि मी जिवंत असल्याविषयी शंका घेणाऱ्यास दाखविण्यासाठी हयातीच्या दाखल्याची प्रत, एवढी मंडळी कायम वस्तीस असतात. त्यांत नव्या कुळाचा शिरकाव कसा व्हावा? रिको जीआर थ्री नावाचा २०१९ चा एक कॅमेरा मला फार आवडला होता. त्याचे वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलोस सात ग्रॅम वर. एवढे ओझे रोज बाळगणे आपल्या प्रकृतीस मानवते की नाही, याची आधी तालीम करावी असे मी ठरविले, आणि त्या वजनाची सुबक वस्तू जालन्यात कोणती मिळेल याचा विचार करता करता फळांच्या गाड्यापाशी आलो. आमच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तेव्हा मोजमापाच्या कामी ती प्रमाण मानावयास हरकत नव्हती.

“दोनशे सत्तावन्न ग्रॅमची एक मोसंबी द्या.”

“एकच?” गाडीवाल्याने विचारले. “अन् तीबी तोलून?”

अकरा मोसंब्या तोलून झाल्यावर बाराव्या वेळी काटा समाधानकारक स्थळी थांबला. तिथून पुढे पंधरा दिवस मी छातीशी मोसंबी बाळगून हिंडलो. पहिल्या दिवशी शर्टाचा गळा एका बाजूस ओढला जाऊन मला जानवे दाखवीत चालल्यासारखे वाटू लागले. तिसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरील मुलाने खिशाकडे बोट दाखवून भोकाड पसरले, आणि “एवढं लेकरू रडतंय अन् ह्यांच्यानं एक फोड निघंना,” असे सबंध बसने ठरविले. चतुर्थीला राजूरच्या गणपतीस गेलो असता नमस्कारासाठी वाकलो मात्र, मोसंबी खिशातून सुटली आणि घरंगळत थेट देवापुढे जाऊन थांबली. पुजाऱ्यांनी ती भक्तिभावाने उचलून ठेवली व मला अर्धा नारळ परत दिला. मोसंबीच्या जागी कॅमेरा असता, तर तो नारळ मला भलताच महाग पडला असता.

छातीचा खिसा असा नापास झाल्यावर मी शर्टाच्या बाजूचा खिसा वाढवून घेण्याचे ठरविले. शिंपीमास्तरांनी मापे ऐकून टेप गळ्यात अडकवली.

“भाऊसाहेब, खिसा पायजे का झोळी?”

“कॅमेऱ्यासाठी आहे.”

“मग आणा की कॅमेरा. माप घेतो.”

“अजून घ्यावयाचा आहे.”

मास्तरांनी माझ्याकडे, मग माझ्या शर्टाकडे आणि शेवटी छताकडे पाहिले. “म्हणजे लेकराच्या आधी कुंची शिवायची,” ते म्हणाले. अखेर मोसंबीवरच माप घेण्यात आले. अस्तर दुहेरी, तोंडाला गुंडी, हद्द गुडघ्यापर्यंत, असा तो खिशाचा फेरफार रीतसर मंजूर होऊन तीन शर्टांना लागू झाला. कॅमेऱ्यावाचून त्या खिशाने अंगावर ओढाताण करू नये म्हणून मी त्यात मोसंबी ठेवू लागलो, आणि हळूहळू ती ठेवतो आहे याचेही भान राहिनासे झाले.

चौदाव्या महिन्यात सौभाग्यवतींनी एके दिवशी दिवाणावरची नस्ती उचलली आणि वाण्याच्या हिशेबाच्या पेन्सिलीने तिच्यावर लिहिले, ‘एकदाचा घ्या आणि ही रद्दी हलवा.’ खाली सही. मी ते वाचले, आणि इतके दिवस ज्याला मी मुकलो होतो ते वरचे मेज आमच्या स्वयंपाकघरातच आहे, हा साक्षात्कार मला झाला. आदेश प्राप्त होताच चौदा महिन्यांचे काम चार दिवसांत उरकले. नव्या कॅमेऱ्याची किंमत खिशास झेपेना (हा दुसरा खिसा शिंप्याकडून वाढवून मिळत नाही), म्हणून भाच्याच्या ओळखीने एक वापरलेला घेतला. नस्तीतील बावीस कॅमेऱ्यांत तो नव्हता.

पहिला फोटो मी मोती तलावाचा काढला. बगळा आला नाही. मात्र आभाळात डावीकडे उंच एक घार आलेली दिसली. मला आनंद झाला. दुसरा फोटो गांधी चमनचा, त्यातही घार. मम्मादेवीच्या कळसावर घार, मोंढ्यावर घार, रेल्वे स्टेशनावर घार. शेजारचे मुनीमजी सगळे फोटो लक्षपूर्वक पाहत होते. देवघरापुढे बसलेल्या सौभाग्यवतींच्या फोटोपाशी ते थांबले.

“भाऊसाहेब, ही घार तुमच्या पाळतीवर आहे का? इथं माजघरातपण आलीय. जरा पुसट आहे, पण तीच आहे.”

सेन्सरवर धूळ बसली होती. सफाईचा जो खर्च मला सांगण्यात आला, तो ऐकून मी घारीसह संसार करण्याचे ठरविले. परंतु ‘धूळ’ हा शब्द घरात उच्चारला गेला आणि प्रकरणाचे सर्व अधिकार माझ्या हातून गेले.

“एवढ्या पैशांची वस्तू, आणि खिशात घालून हिंडायची?” सौभाग्यवती म्हणाल्या. “जालन्यात धुळीला काय तोटा आहे?”

त्यांनी कॅमेरा प्रथम त्याच्या पिशवीत घातला. पिशवी मलमलच्या फडक्यात गुंडाळली, फडके प्लास्टिकच्या थैलीत, थैली मुंजीच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात, आणि डबा डांबराच्या गोळ्यांसह कपाटाच्या वरच्या कप्प्यात लग्नातल्या शालूखाली ठेवला. त्या कप्प्यात माझी निवृत्तीची शाल आहे, आणि पाहुण्यांसाठी घेतलेला काचेच्या कपांचा एक संच आहे, ज्यातून चहा पिण्याच्या योग्यतेचा पाहुणा अद्याप जन्मास यावयाचा आहे. “घरात काही कार्य निघालं की काढू,” असे म्हणून त्यांनी किल्ली कमरेला खोचली. मैतानींनी दूर केलेली दोन आवरणे आम्ही सहा करून परत बसविली. आणि खरे सांगावयाचे तर, मी विरोध केला नाही. उलट किल्लीचा आवाज ऐकून मला त्या रात्री शांत झोप लागली. खिशात कॅमेरा असलेला मनुष्य सारखा खिसाच चाचपीत असतो, हे कॅमेरा खिशात होता तेवढ्या दिवसांत माझ्या ध्यानी आले होते. बारावा फोटो राखून ठेवणारे मामा काही अस्तंगत झालेले नव्हते.

गेल्या आठवड्यात नव्या मोंढ्याकडून परतत होतो. वजनकाट्यापाशी मोसंबीने शिगोशीग भरलेला एक टेम्पो उभा होता, आणि त्या राशीच्या अगदी माथ्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा भला मोठा काळा चष्मा लावलेली, नऊवारीतील एक आजी मुंडावळ्या तेवढ्या बाकी अशा थाटात बसली होती. खाली काटेवाला वजन वाचीत होता आणि वर आजी, “मला धरून मोजू नगंस रे, मी इकायची न्हाई,” असे त्यास बजावीत होती. चौदा महिने, बावीस कॅमेरे आणि तीन शर्ट ज्या एका फोटोसाठी खर्ची पडले, तो फोटो माझ्यापुढे साक्षात खुर्ची टाकून बसला होता. माझा हात विद्युद्वेगाने खिशात गेला, गुंडी निघाली, दुहेरी अस्तरातून वस्तू बाहेर आली आणि मी ती डोळ्यापुढे धरली.

ती मोसंबी होती.

“अय बाबा!” वरून आजी कडाडली. त्या काळ्या काचांतून तिला नेमके हवे तेवढे दिसत होते. “चांगल्या घरचा दिसतोस की! ठेव ती मागं!”

काट्याभोवतीचे सात-आठ जण माझ्याकडे वळले. ही मोसंबी माझी आहे, ती कॅमेऱ्याच्या जागी आहे, आणि कॅमेरा शालूखाली आहे, अशी वस्तुस्थिती सादर करण्यासाठी मी तोंड उघडले. पण चौतीस वर्षांच्या अनुभवाने मला सांगितले की हे निवेदन कुठल्याही पातळीवर मंजूर होणार नाही. मी पुढे झालो आणि मोसंबी राशीवर ठेवली. काटेवाल्याने वजन नव्याने वाचले.

घरी येऊन सदरा खुंटीला टांगला, तेव्हा सौभाग्यवतींनी खिसा चाचपून विचारले, “आज रिकामा कसा?”

“कॅमेऱ्यासाठी जागा केली आहे,” मी म्हणालो.